दादांची वही

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात एक दोनशेपानी वही आहे. ती शाळेची नव्हे. पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या आणि संध्याकाळी हौसेने संगणक दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांची ती आहे. मुले त्यांना दादा म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. यंत्र अडले की दादा येतात, पैसे घेत नाहीत, चहा घेतात आणि काय केले ते वहीत लिहून ठेवून जातात. वहीत दुरुस्तीचे उपाय आहेत, खेळांतल्या युक्त्या आहेत आणि मधूनमधून सॉफ्टवेअरबद्दल त्यांची सडेतोड मतेही आहेत.

ही वही बारकाईने वाचायची वेळ घटक चाचणीमुळे आली. ‘संगणक मंद चालत असल्यास काय करावे?’ या प्रश्नाला नववीच्या बहुतेक मुलांनी लिहिले होते, ‘डेस्कटॉपवर जाऊन एफ-५ चार-पाच वेळा दाबावे.’ सगळ्यांना पूर्ण गुण मिळाले, कारण नमुना उत्तरही वहीतूनच घेतलेले होते! एखाद्याची हौशी टिपणे असा पाठ्यपुस्तकाचा मान मिळवू लागली, की त्यांचे परीक्षण पाठ्यपुस्तकासारखेच करायला हवे.

आधी एफ-५ पाहू. डेस्कटॉपवर ही कळ दाबली की तिथल्या चिन्हांची यादी पुन्हा वाचली जाते आणि चित्र पुन्हा काढले जाते. एवढेच. त्याने स्मृतीत जागा होत नाही, कोणताही प्रोग्रॅम बंद होत नाही. मग इतक्या लोकांना गुण का वाटतो? माझा तर्क असा, की यंत्र नुकतेच सुरू झालेले असते, मागे बरेच काही उघडत असते. आपण कळ दाबत बसतो तेवढ्या वेळात ते काम आपोआप संपते आणि श्रेय कळीला जाते. चिन्हे चटकन लुकलुकली तर यंत्र हुशारीत आहे एवढे कळते खरे, पण नाडी पाहिल्याने ताप उतरत नाही.

मुलांकडून हे करवून घेणे सोपे आहे. यंत्र सुरू करून एकच मोठी फाइल उघडायला किती सेकंद लागतात ते दहा वेळा मोजायचे, मग एफ-५ दाबून आणखी दहा वेळा. दोन्ही वेळा यंत्र सुरू झाल्यावर थांबण्याचा काळ मात्र सारखाच ठेवायचा. सगळी गोम त्यातच आहे.

पण दादांची वही म्हणजे नुसता भाबडेपणा, असे मुळीच नाही. एका पानावर लाल शाईने अधोरेखित केले आहे : ‘बंद करून चालू करू नये, रीस्टार्टच करावे.’ वाचताना हसू येते. बंद करून चालू करणे म्हणजेच रीस्टार्ट नव्हे का? तर नव्हे. २०१२ साली आलेल्या विंडोज-८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्णपणे मोडला जात नाही. त्याची तेव्हाची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा स्मृतीत आणली जाते. सुरुवात लवकर व्हावी म्हणून ही सोय आहे. ती चालू असेल तर कालचा गोंधळही आज परत येऊ शकतो. रीस्टार्टमध्ये मात्र सर्व काही कोऱ्या पाटीवर सुरू होते. म्हणजे दादांचे निरीक्षण अचूक आहे. खंत एवढीच, की खाली कारण लिहिलेले नाही. त्यामुळे हे पान आणि एफ-५ चे पान मुलांना एकसारखीच दिसतात.

खोडरबराचेही तसेच. संगणक सुरू होताना नुसताच बीप वाजत राहिला, तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी पाय खोडरबराने हलके पुसावेत आणि ती पुन्हा घट्ट बसवावी, असा उपाय आहे. तो पुष्कळदा लागू पडतो. पायांवर बसलेला मळ विजेच्या वाटेत अडथळा आणतो, तो निघतो. पण इथे दोन गोष्टी एकदम केल्या जातात : पुसणे आणि पुन्हा बसवणे. गुण कशाचा? टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची कॅसेट चालली नाही की आमच्या पिढीतली मुले तिच्यात फुंकर मारत. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट धातू गंजतो. काम होत असे ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. तेव्हा रॅमची पट्टीही आधी नुसती काढून बसवून पाहावी, जमले नाही तरच रबर घ्यावे. (वीजजोड काढूनच, हे सांगायला नको.) दादांना विचारले तर म्हणाले, “असं वेगवेगळं कधी करून बघितलं नाही, सर.” हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले, याचे मला कौतुक वाटले.

डिफ्रॅगचा उपाय एके काळी बरोबर होता, आता वहीत राहून गेला आहे. हार्ड डिस्कवर फाइलचे तुकडे विखुरले की ते गोळा करायला वाचणाऱ्या डोक्याला इकडून तिकडे फिरावे लागते, म्हणून तुकडे सलग लावायचे. शाळेच्या नव्या यंत्रांत एसएसडी आहे, तिच्यात फिरणारे डोकेच नाही. तिथे हा उपाय वेगात फारसा फरक पाडत नाही, उलट लिहिण्याची मर्यादा असलेल्या तिच्या पेशी विनाकारण झिजवतो. कारण लिहिलेले असते, तर कारण गेल्यावर उपायही खोडता आला असता.

वहीतली माझी खरी तक्रार ‘रॅम मोकळी करणाऱ्या’ सॉफ्टवेअरच्या पानाबद्दल आहे. त्या पानावरून शाळेने पालकांच्या वर्गणीतून असले एक सॉफ्टवेअर विकतही घेतले. त्यात हिरवा काटा वर चढताना दिसतो आणि यंत्र जलद झाल्यासारखे वाटते. या काट्याची एक जुनी गोष्ट आहे. १९९५ साली अमेरिकेत सिंक्रोनिस कंपनीचे सॉफ्टरॅम नावाचे सॉफ्टवेअर निघाले. संगणकाची स्मृती दुप्पट करतो, असा त्याचा दावा होता. लाखो प्रती खपल्या. पडद्यावरचा आकडा खरोखरच दुप्पट दिसे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्यासारख्या जाणकारांनी ते आतून उलगडून पाहिले, तेव्हा विंडोज-९५ साठीच्या आवृत्तीत माहिती दाबून लहान करण्याचे काम होतच नाही, असे आढळले. माल परत मागवावा लागला आणि १९९६ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला फसव्या दाव्यांबद्दल जाब विचारला.

गंमत म्हणजे कल्पना खोटी नव्हती. स्मृतीतली माहिती दाबून बसवण्याचे तंत्र २०१३ पासून मॅकमध्ये आणि २०१५ पासून विंडोज-१० मध्ये खरोखर चालते. तेव्हा ‘हे शक्य आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर आले, म्हणजे ‘हे या डबीत आहे का?’ याचे उत्तर मिळाले असे होत नाही. आमच्या शाळेत दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही, मीसुद्धा नाही.

आता खेळांची पाने. शिक्षक म्हणून ती मी ओलांडून जाणार होतो, आणि वहीतला सर्वांत चांगला भाग तोच निघाला. विंडोज-३.१ बरोबर १९९२ मध्ये घरोघर पोहोचलेला माइनस्वीपर आमच्या जुन्या यंत्रांवर अजून आहे. मुले त्याला बॉम्बचा खेळ म्हणतात. चौकटीतला आकडा म्हणजे तिला लागून असलेल्या आठ घरांत किती सुरुंग आहेत ती संख्या. दादा लिहितात : ‘झाकलेल्या घरांच्या सरळ रांगेला लागून १-२-१ असे आकडे आले, तर दोन्ही एकांसमोर सुरुंग, दोनासमोर मोकळे.’ आणि पुढे, साऱ्या वहीत इथेच, ‘कारण’ असा शब्द येतो. समजा दोनासमोरच्या घरात सुरुंग आहे. मग दोनाला आणखी एक हवा, तो डाव्या किंवा उजव्या एकासमोर असणार. पण मग त्या एकाला दोन सुरुंग लागतात, आणि ते चालत नाही. म्हणून मधले घर मोकळे, आणि दोनाची भरती करायला दोन्ही बाजूंची घरे सुरुंगाची.

भूमितीच्या तासाला विपर्यासाने सिद्धता शिकवताना मुले जांभया देतात, आणि हीच सिद्धता ती इथे मधल्या सुट्टीत एकमेकांना शिकवतात! सगळा खेळ मात्र इतक्या सहज सुटत नाही. पटावरचे आकडे एकमेकांशी जुळणारे आहेत की नाहीत, हे ठरवण्याचा प्रश्न गणितातल्या फार अवघड प्रश्नांच्या गटात मोडतो, असे रिचर्ड के यांनी २००० साली दाखवून दिले. मोठ्या पटांसाठी हमखास आणि झटपट अशी रीत आजही कोणाला सापडलेली नाही.

त्याच पानाच्या तळाला दादांनी एक चोरवाटही दिली आहे. जुन्या माइनस्वीपरमध्ये ‘एक्स-वाय-झेड-झेड-वाय’ ही अक्षरे टंकून शिफ्ट आणि एंटर दाबले, की पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका दिसतो. खालच्या घरात सुरुंग असेल तर काळा, नसेल तर पांढरा. मुलांना ही युक्ती दोन दिवस आवडली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा १-२-१ कडे वळली. वहीतले बहुतेक दुरुस्तीचे उपाय या ठिपक्यासारखे आहेत.

मतांबद्दल थोडक्यात. ‘हे हलके’, ‘ते जड’, ‘अमुक बेकार’ अशी विशेषणे बरीच आहेत. कोणत्या यंत्रावर, किती स्मृती असताना, हे कुठेच नाही. त्यातले एक मत मात्र आम्हाला महागात पडले : ‘युनिकोडमध्ये मराठी अक्षरे तुटतात, जुना फाँटच बरा.’ अक्षरे तुटत होती हे खरे. पण दोष युनिकोडचा नव्हता. जोडाक्षरे आणि वेलांट्या जागच्या जागी बसवण्याचे काम छपाईच्या सॉफ्टवेअरचे असते, आणि आमच्याकडच्या जुन्या आवृत्तीला ते येत नव्हते. विंडोज-२००० ला ते येत होते. मत ऐकून शाळेचा वार्षिक अंक वर्षानुवर्षे जुन्याच फाँटात जुळवला गेला. आता नव्या यंत्रांवर तो फाँट नाही. मुलांच्या कविता आणि सहलींची वर्णने उघडली, की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. दादा सध्या संध्याकाळी येऊन त्या फाइली एकेक करून युनिकोडमध्ये बदलत बसले आहेत.