ब्रिस्टल बंदरांतील प्रेक्षणीय स्थळें : साधनदृष्ट्या परीक्षण

इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं जाणारा प्रवासी बहुधा बंदरांतील जहाजें व क्लिफ्टनचा झुलता पूल पाहून तृप्त होतो. आमचा प्रश्न निराळा आहे. या प्रेक्षणीय वस्तूंत अस्सल किती व मागाहून रचलेलें किती?

'ग्रेट ब्रिटन' ही आगबोट या कसोटीस बऱ्याच अंशीं उतरते. आंतील दालनें नव्यानें सजविलेलीं असलीं तरी लोखंडी सांगाडा मूळचाच आहे. १८४३ सालीं जी गोदी तिनें सोडली, तींतच ती १९७० सालीं फॉकलंड बेटांवरून परत आणली गेली. 'मॅथ्यू' गलबताची गोष्ट उलट. १४९७ सालीं जॉन कॅबट ज्यांतून पश्चिमेकडे गेला त्या गलबताचा समकालीन आराखडा उपलब्ध नाहीं. आजचें गलबत म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडांत उतरविलेलें अनुमान होय. सिमांकासच्या दफ्तरांतील, १९५६ सालीं प्रसिद्ध झालेल्या जॉन डेच्या पत्रांत एक जहाज व वीस माणसें एवढा उल्लेख सांपडतो. आमच्या मतें त्या साऱ्या लाकडाहून या एका पत्राचें वजन अधिक.

हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं मात्र सेंट मेरी रेडक्लिफ या चर्चच्या उत्तर देवडीवरील खोली विसरूं नये. तेथील पेट्यांतून मिळालीं असें भासवून टॉमस चॅटर्टन या पोरसवदा कवीनें (मृत्यु १७७०, वय अवघें सतरा) स्वतःचीं काव्यें पंधराव्या शतकांतील राउली नामक पुरोहिताच्या नांवावर खपविलीं. शस्त्रवैद्य विल्यम बॅरेट यानें चॅटर्टनचीं टिपणें आपल्या ब्रिस्टलच्या इतिहासांत (१७८९) साधन म्हणून घेतलीं व वर्षानुवर्षांच्या श्रमांस कायमचा डाग लावून घेतला. वस्तुतः टिरिट या पंडितानें १७७८ सालींच भाषेच्या पुराव्यानें हीं काव्यें चॅटर्टनचींच असें दाखविलें होतें! पेट्या खऱ्या, चर्मपत्राचे कांहीं तुकडेही जुने; मजकूर तेवढा बनावट.

आर्नोज व्हेल स्मशानभूमींतील राजा राममोहन रॉय यांची छत्री आपल्या लोकांस विशेष जवळची. १८३३ सालीं राजांचा देह प्रथम स्टेपल्टन येथें पुरला गेला. द्वारकानाथ ठाकुरांच्या पुढाकारानें तो १८४३ सालीं येथें आणला गेला. येथील लेखांत जन्मसाल १७७४ दिलें आहे. पुष्कळ अभ्यासक १७७२ धरतात. पण हा लेख बसविला गेला १८७२ सालीं, म्हणजे मृत्यूनंतर एकोणचाळीस वर्षांनीं. केवळ दगडावर कोरलें म्हणून तें साल समकालीन ठरत नाहीं. लेखाची नक्कल घेणारानें १८७२ हें सालही तिच्या माथ्यावर टिपून ठेवावें.