पुढारी कोण, पाईक कोण?

ब्रह्मदेशातील ख्रिस्ती प्रसाराची कथा १८१३ साली रंगूनला उतरलेल्या ॲडोनिराम जडसनपासून सांगितली जाते. परंतु बौद्ध बर्मी समाजात त्याला पहिला अनुयायी मिळायला सहा वर्षे लागली. चर्च रुजले ते करेन जमातीत. आणि रुजविले को था ब्यूसारख्यांनी. कर्जापायी गुलाम झालेला हा माणूस १८२८ साली ख्रिस्ती झाला व गावोगाव हिंडला. बर्मी सत्तेने ज्यांना हीन लेखले त्या करेनांना लिपी मिळाली, शाळा मिळाल्या. १८४५ पासून मौलमीनला त्यांचेच धर्मोपदेशक तयार होऊ लागले. १९६६ साली परकीय मिशनरी गेले, तरी चर्च टिकले. हे यश नाकारण्यात अर्थ नाही.

पण बहुसंख्य करेन आजही बौद्ध आहेत. १९४९ साली सुरू झालेल्या करेन लढ्याची सूत्रे मात्र प्रामुख्याने शिकलेल्या ख्रिस्ती नेत्यांकडे राहिली. डिसेंबर १९९४ मध्ये बौद्ध सैनिक याच तक्रारीवरून फुटले. लष्करी राजवटीने ती फूट वापरली आणि जानेवारी १९९५ मध्ये मानेरप्लॉ हे करेनांचे मुख्य ठाणे पडले.

१९५६ साली बाबासाहेबांना दीक्षा देणारे चंद्रमणी महास्थवीर मूळचे ब्रह्मदेशचे. म्हणून आपण बौद्धांनी केवळ मिशनऱ्यांना दोष देऊन मोकळे होऊ नये. शिकलेल्याने मागच्याला जागा दिली नाही, तर शिक्षणाचीच नवी उतरंड होते. आपल्याही चळवळीत वस्तीतल्या माणसाने फक्त सतरंज्याच उचलायच्या काय? याचे उत्तर आपण पदवीधरांनी द्यायचे आहे.