पायरीखालची पायरी

'मी माणूस आहे' एवढे एक वाक्य सिद्ध करण्यात ज्यांच्या पिढ्या झिजल्या, त्यांच्यापैकी मी एक. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती आणि आमच्या पूर्वजांना त्या पाण्याला हात लावण्याची बंदी होती. १९२७ साली तेथे भरलेली ओंजळ माणूसपणाची होती. म्हणून 'मी माणूस नाही, लांडगा आहे' असे म्हणणारे तरुण अमेरिकेत आहेत, हे प्रथम वाचले तेव्हा मला रागच आला. पोट भरलेल्यांचे चाळे, असे मी मनाशी म्हणालो. तो राग तपासून पाहावा म्हणून हे लिहितो आहे.

माणसासारखे बोलणारे, दोन पायांवर चालणारे प्राणी ज्या कथाचित्रांत असतात, त्यांच्या चाहत्यांना अमेरिकेत 'फरी' म्हणतात. १९८९ साली कॅलिफोर्नियात त्यांचे स्वतंत्र संमेलन भरले. हे लोक प्राण्यांची चित्रे काढतात, काही जण प्राण्यांचे पोशाख घालतात. पण पोशाख उतरला की आपण माणूसच, असे त्यांतील बहुसंख्य मानतात. काही जण मात्र पोशाखापाशी थांबत नाहीत. आतून आपण प्राणीच आहोत असे मानणारे ते थेरियन. आपण ड्रॅगनच्या किंवा अशाच कल्पित कुळातले आहोत असे म्हणणारे ते अदरकिन. हे नाव १९९० सालचे. आणि एखाद्या कथेतले पात्र म्हणजे आपणच, असे मानणारे ते फिक्शनकिन. आपले शरीर माणसाचे आहे, हे यांतील बहुतेकांना ठाऊक असते. प्रश्न आतल्या जाणिवेचा असतो.

या लोकांना सर्वांत जास्त कोण हसते? स्वतः चाहतेच. आवडत्या पात्राच्या मृत्यूवर रडणारा, त्याचा वेष करून संमेलनाला जाणारा चाहता, 'ते पात्र मीच आहे' म्हणणाऱ्याला वेड्यात काढतो.

लोर स्योबर्ग या अमेरिकन विनोदकाराने २००२ मध्ये चाहत्यांचा एक तक्ता काढला. सर्वांत वर विज्ञानकथा छापून आलेले लेखक. त्यांच्याखाली त्या कथांचे वाचक, मग दूरचित्रवाणी मालिकांचे चाहते, असे उतरत उतरत तळाजवळ फरी. प्रत्येक बाणाचा अर्थ एकच: वरचा स्वतःला खालच्यापेक्षा कमी छांदिष्ट समजतो. तक्ता थट्टेचा आहे, पण मला हसू आले नाही. असा तक्ता मी माझ्या गावात पाहिला होता. श्रेणीबद्ध विषमतेचे मर्म बाबासाहेबांनी हेच सांगितले: प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी असतो, म्हणून जिना मोडायला कोणी तयार होत नाही.

तळाजवळच्या फरींनाही आपल्या खाली पायरी हवीच होती. अमेरिकेतल्या शाळांत स्वतःला मांजर मानणाऱ्या मुलांच्या शौचासाठी वाळूची खोकी ठेवतात, अशी अफवा २०२१-२२ मध्ये पसरली. ती खोटी होती. नेब्रास्काच्या विधिमंडळात ती बोलून दाखवणारे ब्रूस बोस्टेलमन यांनी मार्च २०२२ मध्ये माफी मागितली. तरीही २०२५ मध्ये टेक्सासमध्ये शाळेत प्राण्यासारखे वागण्यावर बंदी घालणारे विधेयक मांडले गेले. या हल्ल्याला अनेक फरींचे उत्तर काय होते? 'आम्ही नुसते चाहते. स्वतःला प्राणी समजणारे ते थेरियन, आमचा त्यांच्याशी संबंध नाही.' खुलासा खोटा नाही, दोन वर्ग वेगळे आहेतच. पण कॅथलीन गर्बासी आणि सहकाऱ्यांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आपण शंभर टक्के माणूस नाही असे सांगणारे पुष्कळ जण फरींमध्येच निघाले होते. म्हणजे ही भिंत त्यांच्या स्वतःच्या घरातून जाते. आणि अशा खुलाशाने मिळालेली प्रतिष्ठा उसनी असते. हसणाऱ्याचा हसण्याचा अधिकार मान्य करून फक्त त्याचे बोट दुसरीकडे वळवलेले असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्यांची थट्टा आणि आपली अस्पृश्यता एका मापाने मोजता येणार नाही. त्यांना कोणी पाणवठ्यावरून हाकलले नाही, जन्मावरून त्यांच्या डोक्यावर मैला दिला नाही. आणखी एक. त्यांतील काही जण आपल्या जाणिवेला पूर्वजन्माचा आधार देतात. तो मला मान्य नाही. पूर्वजन्माच्या पापपुण्याच्या हिशेबावरच आमच्या गुलामीचे समर्थन केले गेले. १९५६ साली आम्हांला मिळालेल्या धम्मात आत्म्याला जागा नाही. हे मी त्यांच्यासमोर बसून सांगेन. पण मतभेद समोरासमोर बसून होतो; तुच्छता वरून खाली येते.

आता माझ्या रागाकडे वळतो. त्या तरुणाने माझे काय हिरावले होते? काहीच नाही. आपल्यालाही कोणाला तरी हसता येते, याचे सुख त्या रागात होते. 'माणूस' हा शब्द आम्ही लढून मिळवला, तो दारावर पहारा बसवण्यासाठी काय?

हे परके प्रकरण वाटत असेल तर आपल्या वस्तीकडे पाहावे. सभेत आपण सगळे दलित असतो. लग्नाची बोलणी निघाली की पोटजात विचारली जाते, आणि तक्त्यातले बाण पुन्हा दिसू लागतात.