संबोधन आणि सत्ता : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकातील नामव्यवहार

प्रस्तावना :
संभाषणात एखाद्या व्यक्तीला कोणत्या नावाने, उपाधीने वा सर्वनामाने संबोधले जाते, यावरून बोलणाऱ्यांचे परस्पर सामाजिक नाते स्पष्ट होते. रॉजर ब्राऊन आणि आल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांतील सर्वनामांच्या आधारे ‘सत्ता’ व ‘जवळीक’ ही दोन तत्त्वे मांडली. मराठीत मात्र तू-तुम्ही-आपण या सर्वनामांपुरता विचार करून भागत नाही. श्री., सौ., कु., गं. भा. या उपाधी आणि राव, बाई, साहेब ही नामाला जोडून येणारी आदरवाचक पदेही लक्षात घ्यावी लागतात. सौ., कु., गं. भा. या उपाधींतून स्त्रीची वैवाहिक स्थिती कळते, ‘श्री.’वरून पुरुषाची कळत नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात ही विषमता कशी कार्य करते, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विवेचन :
या नाटकाची समीक्षा प्रामुख्याने समूहाच्या हिंसेच्या व पुरुषप्रधान न्यायकल्पनेच्या अंगाने झाली आहे. ही हिंसा संबोधनांतूनही आकार घेते, हे तितकेच महत्त्वाचे आहे.

नायिका लीला बेणारे ही अविवाहित शिक्षिका आहे. शाळेत ‘बाई’ हे संबोधन आदराचे असते. परंतु तोच शब्द मराठीत कोणत्याही स्त्रीसाठी, घरकाम करणाऱ्या मोलकरणीसाठीही वापरला जातो. बेणारेचा मान तिच्या व्यवसायावर उभा आहे. शिक्षणसंस्था तिला कामावरून दूर करणार असल्याचे उघड होते, तेव्हा नोकरीबरोबर ‘बाई’ या शब्दातील आदरार्थही हिरावला जातो आणि केवळ स्त्रीवाचक अर्थ उरतो.

काशीकरांच्या पत्नीचे स्थान याच्या उलट, तरीही तितकेच सूचक आहे. ती नाटकभर पतीच्या आडनावानेच ओळखली जाते. तिचे स्वतःचे नाव समोर येत नाही. विवाहित असल्याची प्रतिष्ठा तिला आहे, परंतु बोलू लागताच पती तिला गप्प करतो. उपाधी तिला बेणारेपेक्षा वरचे स्थान देते, स्वतःचा आवाज मात्र देत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण प्राध्यापक दामले यांचे आहे. ते रंगमंचावर येतच नाहीत, तरी त्यांच्या नावामागील ‘प्राध्यापक’ हे पद अबाधित राहते. ज्या संबंधाबद्दल बेणारेला पिंजऱ्यात उभे केले जाते, त्याच संबंधातील पुरुषावर अभिरूप न्यायालय आरोप ठेवत नाही. येथे पदवी कवचासारखी काम करते. आपण स्वतः ही पदवी नावाआधी लावतो, म्हणून हे निरीक्षण आपल्याला अधिक अस्वस्थ करणारे आहे.

‘आरोपी’ हे संबोधन आरंभी खेळातील भूमिकेपुरते असते. न्यायाधीश, वकील, साक्षीदार ही नावेही तशीच तात्पुरती आहेत. खेळ संपताच इतर सर्वजण आपापल्या मूळ नावांकडे सहज परततात. बेणारेला मात्र तसे परतता येत नाही. संबोधन वास्तवाचे केवळ वर्णन करत नाही, ते वास्तव घडवते, हे नाटककार येथे दाखवून देतो.

बेणारेची खरी निकडही नावाचीच आहे. जन्माला येणाऱ्या मुलाला पित्याचे नाव मिळावे म्हणून ती पोंक्षे व रोकडे यांच्यापुढे विवाहाचा प्रस्ताव ठेवते. पुढे हाच प्रस्ताव तिच्याविरुद्ध पुरावा ठरतो. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव व आडनाव नोंदवणे बंधनकारक झाले. दस्तऐवजातील हा बदल स्वागतार्ह आहे. तो दैनंदिन बोलण्यात कितपत उतरतो, हे पाहणे अगत्याचे ठरेल.

निष्कर्ष :
१. मराठीतील आदरवाचक संबोधन आणि प्रत्यक्ष आदर या एकच गोष्टी नाहीत.
२. ‘सत्ता’ व ‘जवळीक’ या तत्त्वांना मराठीत लिंगभाव आणि वैवाहिक स्थिती यांची जोड देणे आवश्यक आहे.
३. नाटकातील संवाद हे भाषिक अभ्यासाचे मौलिक साधन आहे. तथापि ते नाटककाराने निवडलेले संभाषण असल्याने, प्रत्यक्ष व्यवहारातील संभाषणांच्या नोंदींशी ते ताडून पाहिले पाहिजे. असा अभ्यास महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षापासूनच सुरू करता येईल.