‘नाळ’: टाकलं कुणी?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आज ‘नाळ’बद्दल बोलायचंय. नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेला सिनेमा, दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी. ‘सैराट’चा कॅमेरा ज्यांनी केला तेच. निर्माते आणि पडद्यावरचे वडील नागराज मंजुळे. मंजुळे आपल्या नगरला न्यू आर्ट्स कॉलेजात शिकले, ‘पिस्तुल्या’ तेव्हाचा, हे इथं वेगळं सांगायला नको.

गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. विदर्भातलं नदीकाठचं गाव. चैत्या, आठेक वर्षांचा. लाडात वाढलेला. पाहुणा आलेला मामा त्याला सहज सांगून जातो, की ही तुझी खरी आई नाही. झालं! पोराच्या डोक्यात किडा शिरतो. कालपर्यंत जी आई होती, तिच्या प्रत्येक रागावण्यात त्याला आता पुरावा दिसायला लागतो.

सिनेमाची ताकद इथं आहे. कुणी मोठ्यानं रडत नाही, पार्श्वसंगीत आपल्याला ढकलत नाही. कॅमेरा पोराच्या उंचीवर राहतो. देविका दफ्तरदारांनी सुमन ज्या पद्धतीनं केलीय ना, ती बाई आपली बाजू कधी मांडतच नाही. भाकरी थापते, पोराला हाक मारते, बस. आणि तो गोठ्यातला भाग आठवा. पिल्लू मरतं. जनावर पान्हा सोडत नाही, म्हणून पेंढा भरलेलं पिल्लू पुढ्यात ठेवतात. खेड्यात वाढलेल्यांनी हे पाहिलेलं असतं, त्यात नवल नाही. पण इथं ते पोर बघतंय. खरं कोण, खोटं कोण, हा त्याचा प्रश्न गोठ्यात उभा आहे आणि दिग्दर्शक त्यावर एक शब्द बोलत नाही. अख्ख्या सिनेमात मला हे सगळ्यात मोठं वाटतं.

आता माझी तक्रार. तक्रार म्हणण्यापेक्षा खटकणारी गोष्ट म्हणा.

चैत्याचा शोध आईचा आहे. राग आईवर, ओढ आईची, परीक्षा आईची. दोन बाया, आणि मधे पोर. बाप घरात आहे, चांगला माणूस आहे, पण प्रश्न त्याच्यापर्यंत पोचत नाही. आणि ज्याच्यापासून हे मूल झालं, त्या बापाचं काय? त्याच्यासाठी पोराच्या मनात जागाच दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, आठ वर्षांचं पोर आईच शोधणार. मान्य. पण आपली भाषाही तेच करते. ‘पोर टाकलं’ म्हटलं की पुढे ‘तिनं’ हेच येतं. कायदा तसं म्हणत नाही हं. बारा वर्षांखालचं मूल टाकण्याचा गुन्हा, जुनं कलम ३१७, आता न्याय संहितेत ९३, तिथं बाप आणि आई दोघांची नावं आहेत. आपल्या बोलण्यात मात्र एकच उरते.

आणि हे आपल्या जिल्ह्यात तरी उमगायला हवं. ‘टाकलेली’ हा शब्द इथं कुणासाठी वापरतात? बाईसाठी. संगमनेरला १९८८ मध्ये परित्यक्तांची परिषद झाली. ॲड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकलेल्या बायकांचा प्रश्न उंबऱ्याबाहेर आणला. त्या लढ्यावर शिवूरकरांचं पुस्तकही आहे, मिळालं तर वाचा. त्यातून दिसतं की मूल एकटं टाकलं जात नाही. त्याच्या आधी बहुतेक वेळा एक बाई टाकली गेलेली असते, आणि तो टाकणारा गावात उजळ माथ्यानं फिरत असतो. आपल्याकडे स्नेहालयचं ‘स्नेहांकुर’ आहे, तिथं येणाऱ्या बाळांच्या मागेही एखादी एकटी पडलेली आई असू शकते. कायदा मूल सोपवणाऱ्याला फेरविचाराला दोन महिने देतो. बापाला फेरविचाराची वेळच येत नाही, कारण तो तिथं आलेलाच नसतो.

म्हणून मला दार्देन बंधूंचा सिनेमा आठवतो. २०११ चा, बेल्जियममधला, ‘द किड विथ अ बाइक’. सिरिलला त्याच्या बापानं बालगृहात सोडलंय, वर त्याची सायकलही विकलीय. पोराला ते पटतच नाही. समांथा नावाची केस कापणारी बाई त्याला सुट्टीला घरी आणते, बाप शोधून काढते. बाप तिला बाजूला घेऊन सांगतो, की मला याला भेटायचं नाही, तुम्हीच सांगा त्याला. ती ऐकत नाही. तुझं तूच पोराच्या तोंडावर सांग, म्हणते. आणि त्याला ते सांगावं लागतं. पुढे सिरिल गाडीत स्वतःलाच ओरबाडतो, बघवत नाही. पण टाकणाऱ्याला ते वाक्य स्वतःच्या तोंडानं बोलावं लागलं.

‘नाळ’मध्ये जन्मदाती येते, आजीच्या मरणानंतर. चैत्या तिच्याभोवती घोटाळतो. तिच्याकडून हवी ती ओळख त्याला मिळत नाही. दीप्ती देवी ते न बोलणं फार नेमकं करतात. ती दगड नाही, हे आपल्याला कळतं, पोराला कळत नाही. तिच्या त्या गप्प राहण्यात कुणाकुणाचं गप्प राहणं सामावलंय, तेवढं मात्र सिनेमा विचारत नाही.

२०२३ च्या दुसऱ्या भागात चैत्या तिच्या गावी जातो, भावंडांना भेटतो. त्यावर प्रश्नोत्तरांत बोलू. माईक तिकडे द्या कुणीतरी.