एका मनातल्या दोन भाषा : ब्रिटनच्या लेखकांचे स्वत्व

'इंग्रज' या एका शब्दात मराठी माणसाने एक अख्खे बेट कोंबून टाकले आहे. १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ आपल्या लेखी इंग्रज, पेशवाईनंतर दख्खनची घडी बसवणारा एल्फिन्स्टन इंग्रज आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते पाद्री जॉन विल्सनही इंग्रजच. वस्तुतः हे तिघेही स्कॉटलंडचे. त्यांच्या मुलखात 'इंग्लिश' हा शब्द शेजाऱ्यासाठी वापरतात, स्वतःसाठी नव्हे. आपण 'मद्रासी' म्हणून चार भाषांची माणसे एका पिशवीत घालतो, तसाच हा प्रकार.

याचा दोष केवळ आपल्याकडे जातो असे मात्र नाही. १७०७ साली इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या संसदा एक झाल्या, तेव्हापासून 'ब्रिटिश' नावाची एक नवी ओळख घडवण्याचे काम तिकडेच चालू होते. 'रूल ब्रिटानिया' या १७४० च्या प्रसिद्ध गीताचे शब्द जेम्स थॉमसन या स्कॉट कवीचे मानले जातात, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. लिंडा कॉली या इतिहासलेखिकेने १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या 'ब्रिटन्स' या ग्रंथात असे मांडले की, ब्रिटिशपण हे मातीतून उगवलेले नाही; फ्रान्सशी झालेली युद्धे, प्रॉटेस्टंट धर्म आणि साम्राज्याचा व्यापार यांनी ते जुळवून आणले. मग युद्धे संपली, देवळे ओस पडली, साम्राज्य गेले, तर मागे काय उरते? हा प्रश्न राजकारणाइतकाच साहित्याचाही आहे, आणि माझ्या मते साहित्याने तो अधिक प्रामाणिकपणे हाताळला आहे.

राजकारणाची रीत कशी असते याचा एक मासला पाहा. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रथमच 'तुम्ही स्वतःला कोणत्या राष्ट्राचे समजता?' असा प्रश्न विचारण्यात आला. एकाहून अधिक खुणा करण्याची मुभा होती. तेव्हा सुमारे ५८ टक्के लोकांनी केवळ 'इंग्लिश' आणि १९ टक्के लोकांनी केवळ 'ब्रिटिश' असे नोंदवले. २०२१ मध्ये चित्र उलटे झाले. केवळ 'ब्रिटिश' म्हणणारे जवळजवळ ५५ टक्के आणि केवळ 'इंग्लिश' म्हणणारे अवघे १५ टक्के! या उलथापालथीचे एक कारण असे की, इंग्लंडमधल्या नव्या फॉर्मवर 'ब्रिटिश' हा पर्याय यादीत सर्वांत वर आणला होता. ज्या ओळखीसाठी माणसे भांडतात ती कागदावर इतक्या सहज सरकते, म्हणजे चौकोनात मावेल अशी ती नव्हेच. ती कशी असते हे पाहायचे तर कादंबरीकडे वळावे लागते.

मी वळतो ते लुईस ग्रॅसिक गिबनच्या 'सनसेट साँग'कडे. हे टोपणनाव. लेखकाचे खरे नाव जेम्स लेस्ली मिचेल. १९०१ साली ईशान्य स्कॉटलंडमधल्या शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा लेखक १९३५ साली, वयाची चौतिशी गाठण्याआधीच वारला. ही कादंबरी १९३२ ची. 'अ स्कॉट्स क्वेअर' या त्रयीतली ती पहिली. तिची नायिका क्रिस गथ्री ही किनरॅडी नावाच्या काल्पनिक गावातल्या कुळाची हुशार मुलगी. शाळेत जाणारी क्रिस आणि शेतात राबणारी क्रिस अशा दोन क्रिस तिच्यात नांदतात. एक 'इंग्लिश' क्रिस, जिला पुस्तके, स्वच्छ हात आणि नेटके बोलणे हवे असते. दुसरी 'स्कॉटिश' क्रिस, जिला ओल्या मातीचा वास आणि शेजारपाजारच्यांची रांगडी बोली सोडवत नाही. आज तिला या मातीची किळस येते, तर उद्या तिच मातीसाठी तिचा जीव तुटतो. गिबनचा मोठेपणा असा की, तो या दोघींत न्यायनिवाडा करीत बसत नाही. एक खरी आणि दुसरी खोटी असे तो कुठेही सुचवत नाही. मास्तरीण होण्याची वाट सोडून क्रिस शेवटी जमिनीपाशी राहते, पण म्हणून तिच्यातली पुस्तकवाली मुलगी मरत नाही.

कादंबरीचा कणा या कल्पनेत नाही, तिच्या भाषेत आहे. गिबनने निवेदन सरकारी इंग्रजीत आणि संवाद बोलीत अशी सोयीस्कर वाटणी केली नाही. प्रादेशिक कादंबरीत ही वाटणी आपल्याला फार परिचयाची आहे: पात्रे गावची बोलतात आणि लेखक मात्र शहरातून बोलतो. गिबनच्या पुस्तकात निवेदनच गावाच्या तोंडी आहे. शब्द बहुतांशी इंग्रजी, पण वाक्याची चाल, हेल, मधूनच पेरलेले स्कॉट्स शब्द, आणि कुचेष्टा करणाऱ्या गावकीचा तो सूर! इंग्रजी वाचकाला अडखळू न देता त्याने इंग्रजीलाच स्कॉटलंडच्या वाटेने चालायला लावले. गंमत अशी की, हे त्याने लंडनजवळच्या वेल्विन गार्डन सिटीत बसून लिहिले.

आणि मग पहिले महायुद्ध येते. क्रिसचा नवरा यूअन सैन्यात भरती होतो, रजेवर येतो तेव्हा पशूसारखा वागून जातो आणि फ्रान्समध्ये पळपुटा म्हणून गोळी घालून मारला जातो. पुढे कळते ते असे: एके दिवशी त्याला गावाकडच्या मातीची आठवण झाली आणि तो सरळ घराकडे चालू लागला. राष्ट्राच्या लेखी तो फितूर, किनरॅडीच्या लेखी घरी निघालेला माणूस. शेवटी गावच्या उभ्या शिळांपाशी स्मारक होते, त्यावर इतरांबरोबर यूअनचेही नाव कोरले जाते. राष्ट्र आणि गाव यांच्यातले अंतर दाखवायला गिबनला भाषण लागत नाही, चार नावांची एक शिळा पुरते. त्रयीचा तिसरा भाग 'ग्रे ग्रॅनाइट' (१९३४) शहरात घडतो, आणि तिथे ही भाषा मला तितकी पेलणारी वाटत नाही. गावकी उरली नाही की गावकीचा सूरही उसना वाटू लागतो.

पुढे १९३६ साली एडविन म्यूर या कवी-समीक्षकाने 'स्कॉट अँड स्कॉटलंड' हे पुस्तक लिहिले. त्याचे निदान थोडक्यात असे: स्कॉट माणूस एका भाषेत भावना अनुभवतो आणि दुसऱ्या भाषेत विचार करतो, या फाटलेपणातून मोठे साहित्य निपजणार नाही, म्हणून स्कॉटलंडने इंग्रजीच पत्करावी. यावर ह्यू मॅक्‌डायर्मिड खवळला. इंग्लंडच्या सीमेलगतच्या लँगहम गावी जन्मलेल्या या कवीने १९२६ साली स्कॉट्समध्ये दीर्घकाव्य लिहून त्या भाषेला विचाराचे ओझे पेलवते हे सिद्ध केले होते. चरित्रकोशात छंदाच्या जागी 'इंग्रजद्वेष' असे लिहून देणारा हा गृहस्थ! त्याचा संताप समजण्याजोगा आहे. पण संतापाने म्यूरचे उत्तर होत नाही. त्याचे म्हणणे दोन ठिकाणी तपासायला हवे.

पहिले असे की, म्यूर इंग्रजीला एकसंध धरून चालतो. ती तशी नाही. लीड्सच्या कामगार वस्तीत १९३७ साली जन्मलेला आणि २०२५ मध्ये निवर्तलेला कवी टोनी हॅरिसन हा पुरा इंग्लिश. पण शाळेत कीट्सची कविता म्हणताना मास्तरांनी त्याचे गावठी उच्चार ऐकून त्याला मध्येच थांबवले आणि नाटकात दारूड्या द्वारपालाचे काम दिले, हा अनुभव त्याने कवितेत मांडला आहे. त्याचे उत्तर मोठे मार्मिक आहे: वर्ड्‌सवर्थचे काही यमक उत्तरेकडच्या उच्चारानेच जुळते आणि खुद्द कीट्सचा लंडनी हेल सभ्य मंडळींना खपत नसे. म्हणजे ज्या 'शुद्ध' इंग्रजीकडे म्यूर स्कॉटलंडला धाडू पाहतो, तिच्या उंबरठ्यावर इंग्लंडमधलीच निम्मी माणसे ताटकळत उभी आहेत.

दुसरे असे की, भावनेची भाषा वेगळी आणि विचाराची वेगळी ही वाटणी देवाने केलेली नाही. ती शाळेने, कचेरीने आणि देवळाने केली. वेल्श भाषेत संपूर्ण बायबल १५८८ सालीच छापले गेले. स्कॉटलंडने धर्मसुधारणा केली ती इंग्रजी बायबल हाती धरून. लॉरिमर या विद्वानाने स्कॉट्समध्ये केलेला 'नवा करार' प्रसिद्ध व्हायला १९८३ साल उजाडले. जी भाषा शतकानुशतके देवाशी बोललीच नाही, तिला गंभीर बोलता येत नाही असे म्हणणे म्हणजे उपाशी ठेवलेल्या माणसाला अशक्त म्हणून हिणवणे होय.

वेल्सची कथा इथे कामाची आहे. लॅनेलीजवळच्या लॅनगेनेख गावातल्या ट्रेफॉर आणि आयलीन बीझली या दांपत्याने १९५२ पासून एकच हट्ट धरला: घरपट्टीची मागणी वेल्शमध्ये येईल तरच भरू. अनेकदा कोर्टाच्या पायऱ्या चढल्या, घरातले सामान जप्त होऊन गेले, आणि आठ वर्षांनी, १९६० साली, दोन भाषांतला कागद हाती आला. १३ फेब्रुवारी १९६२ रोजी साँडर्स लुईस या नाटककाराने 'भाषेचे भवितव्य' या अर्थाच्या शीर्षकाचे रेडिओ-व्याख्यान दिले, त्यात या दांपत्याचाच दाखला दिला. साहित्यिकाने भाषेसाठी कवितेआधी घरपट्टीचा कागद मागावा, यात मला फार मोठे शहाणपण दिसते. पुढे १९६७, १९९३ आणि २०११ असे कायदे होत गेले. तरीही १९६१ मध्ये वेल्समधले २६ टक्के लोक वेल्श बोलत, ते २०२१ मध्ये १७.८ टक्क्यांवर आले. कायद्याने भाषेला कचेरीत खुर्ची मिळते, घरात मात्र तिला माणसांनीच बसवावे लागते.

याच वेल्समध्ये आर. एस. थॉमस (१९१३–२०००) हा पाद्री-कवी झाला. घर इंग्रजी बोलणारे. तिशीच्या सुमारास तो वेल्श शिकला. कडवा वेल्श राष्ट्रवादी, पण कविता इंग्रजीतच लिहिली. उशिरा शिकलेल्या भाषेत कविता साधत नाही हे तो जाणून होता. आत्मचरित्र मात्र १९८५ साली वेल्शमध्ये लिहिले, तेही तृतीयपुरुषी. नाव 'नेब', म्हणजे 'कुणी नाही'. म्यूरच्या सूत्राची ही उलटी बाजू. इथे भावना परक्या भाषेत राहिली आणि स्वतःकडे त्रयस्थपणे पाहण्याचे काम आपल्या भाषेकडे आले. हा माणूसही फाटलेलाच. पण या फाटलेपणातून वाङ्मय निपजले, आणि तेही दोन्ही भाषांत.

म्हणून माझा निष्कर्ष असा: म्यूरचे निदान चूक आहे, पण त्याची भीती खरी आहे. हे आपल्यापुरतेही खरे आहे. बेळगाव-खानापूरपासून बडोदा-इंदूरपर्यंत आपल्या घरांतली मुले शाळेत कानडी, गुजराती, हिंदी वा इंग्रजीत हिशेब आणि विज्ञान शिकतात आणि मराठी उरते ती सणाला, सुतकाला आणि आजीशी बोलायला. अशी केवळ जिव्हाळ्यापुरती ठेवलेली भाषा हळूहळू विचाराला पारखी होते. मुलांच्या अंगी दोन भाषा आहेत याचे मला भय वाटत नाही, क्रिसच्याही अंगी त्या होत्याच. भय याचे वाटते की, आपल्या भागातला एखादा लेखक कानडी वळणाचे मराठी वाक्य लिहितो तेव्हा आपलेच संपादक ते पुणेरी करून छापतात, आणि हॅरिसनच्या मास्तरांची खुर्ची आपणच पटकावतो. गिबनने आपल्या मुलखाचा हेल निवेदनात आणला तेव्हा त्याने तो कुणाकडून शुद्ध करून घेतला नव्हता. आपल्या दिवाळी अंकांनी एवढे जरी पथ्य पाळले, आणि कथा-कवितांच्या जोडीने शेती, कायदा, अर्थकारण यांवरचे लेख याच वळणाच्या मराठीत मागवले, तर इथल्या मराठीला विचाराचाही सराव राहील.