शेवटच्या माणसाची सही

आजचा विषय घराचा आहे आणि पुस्तकाचाही. भाव चढलेले असताना राहतं घर विकून निघावं की तिथेच राहावं, हा प्रश्न आज मुंबईत, ठाण्यात, पुण्यात जवळजवळ प्रत्येक जुन्या सोसायटीच्या दारात उभा आहे. या सभागृहातही असे काहीजण असतील, ज्यांच्या सोसायटीत बिल्डरचं पत्र येऊन पडलंय. त्यांना मी सल्ला देणार नाही. ते काम वकिलाचं आणि आर्किटेक्टचं. मी बोलणार आहे ती अरविंद अडिगा यांच्या 'लास्ट मॅन इन टॉवर' या कादंबरीबद्दल. अडिगांना 'द व्हाइट टायगर'साठी २००८ साली बुकर मिळालं. त्यानंतर २०११ मध्ये ही कादंबरी आली. इंग्रजीत लिहिलेली असली तरी ती आपल्या मुंबईची आहे, वाकोल्याची आहे.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. वाकोल्यात विश्राम सोसायटी नावाची जुनी, भेगा पडलेली इमारत आहे. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशी मध्यमवर्गीय कुटुंबं वर्षानुवर्षं शेजारी राहतायत. धर्मेन शाह नावाचा बिल्डर येतो आणि बाजारभावाच्या कितीतरी वर रोख रक्कम देऊ करतो. घर द्या, पैसे घ्या, निघा. अट एकच, सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि त्याही ठरलेल्या तारखेच्या आत. एकेक करून सगळे तयार होतात. एक माणूस होत नाही. योगेश मूर्ती, ज्यांना सगळे मास्तरजी म्हणतात. निवृत्त शिक्षक, बायको गेलेली, मुलगी त्याआधीच गेलेली. शेवटी शेजारीच त्यांना मारतात आणि ती आत्महत्या म्हणून खपवली जाते. शेवट आधीच सांगितला म्हणून रागावू नका, कारण माझी मुख्य तक्रार त्या शेवटाशीच आहे.

पण आधी या कादंबरीचं बलस्थान सांगितलं पाहिजे. आपल्याकडे घर विकण्याच्या गोष्टीत एक ठरलेली वाटणी असते. जो राहतो तो भावनाशील, जो विकतो तो पैशाच्या मागे लागलेला. टीव्ही मालिकांनी तर ही वाटणी पार घोटून ठेवली आहे. अडिगा ती वाटणी मोडतात. मिसेस पुरी बघा. त्यांच्या मुलाला, रामूला, डाउन सिंड्रोम आहे. आपल्यामागे त्याचं कोण करणार, या एका काळजीवर त्या बाईचा दिवस उगवतो आणि मावळतो. तिला मिळणारे पैसे म्हणजे रामूचं उरलेलं आयुष्य. तिला हावरट म्हणायला आपली जीभ रेटत नाही. मिसेस रेगो समाजकार्यकर्त्या आहेत, बिल्डरांच्या कट्टर विरोधक. एकटीनं मुलं वाढवणारी ती बाईसुद्धा शेवटी 'हो' म्हणते. कुडवा छोटं इंटरनेट कॅफे चालवतो. प्रत्येकाच्या 'हो'मागे एक कारण आहे आणि बहुतेक कारणं अशी, की आपण त्यांच्या जागी असतो तर आपणही तेच म्हटलं असतं.

आता जागाही लक्षात घ्या. वाकोला म्हणजे सांताक्रूझ पूर्व. डोक्यावरून विमानं जाणार आणि हाकेच्या अंतरावर वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स. एके काळी तिकडे खाडी आणि दलदल होती. तिथे बँका आणि कचेऱ्या आल्या, तसा आजूबाजूच्या प्रत्येक जुन्या इमारतीचा अर्थ बदलला. इमारत तीच, गळकी. पण तिच्याखालच्या जमिनीवर आणि तिच्या डोक्यावरच्या मोकळ्या हवेत आणखी किती मजले चढू शकतील, याला किंमत आली. त्यालाच आपण एफएसआय म्हणतो. विश्राम सोसायटीच्या माणसांनी काही केलेलं नाही. ते नुसते बसून राहिले आणि शहर त्यांच्यापर्यंत चालत आलं. अशा वेळी माणसाला वाटतं, नशीब उघडलं. आणि ज्याला नशीब उघडल्यासारखं वाटतं त्याला शेजाऱ्याचं 'नाही' फार जिव्हारी लागतं.

इथे एक तुलना करतो. आपल्या मनात शेजाराचं जे चित्र आहे ते बरंचसं चाळीचं आहे आणि त्यातलं बरंचसं पु. ल. देशपांड्यांचं. 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपात आली. तिच्या शेवटच्या चिंतनात चाळीचं ते एकत्र जगणं मागे पडताना पाहून मन हळवं होतं. आपण सगळेच होतो. पण एक व्यवहाराचा प्रश्न आपण कधी विचारत नाही. ती माणसं एकमेकांना इतकी सहन का करू शकत होती?

एक उत्तर स्वभावात आहे, दुसरं कायद्यात. मुंबईच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठवली. चाळीतला माणूस भाडेकरू होता. इमारत त्याची नव्हतीच. पागडी होती, हे खरं. पण पागडी आपापल्या खोलीची. तुम्हाला निघायचं असेल तर तुम्ही आणि मालक, एवढाच व्यवहार. शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्याची सही लागत नसे. तो तुमच्याशी भांडला तर फार तर नळावर भांडला. तुमचे कोट्यवधी रुपये अडवून ठेवायची ताकद त्याच्यात नव्हती.

(हशा)

हसताय, पण सोसायटीत नेमकं हेच बदललं. फ्लॅटमालक झालो, पन्नास-पन्नास रुपयांच्या शेअरांचं सर्टिफिकेट कपाटात आलं, आणि आपल्याला वाटलं आता आपण आपले राजे. प्रत्यक्षात जमीन आणि इमारत सोसायटीची. एकट्यानं फ्लॅट विकायचा तर खुशाल विका. पण खरी मोठी किंमत येते ती सगळी इमारत एकदम गेली तर. म्हणजे माझ्या घराची किंमत शेजाऱ्याच्या पेनात अडकलेली. अडिगांनी हे ओळखलं, आणि माझ्या मते हीच या कादंबरीतली सगळ्यात तीक्ष्ण गोष्ट आहे. 'शहर बदललं, माणुसकी गेली' असं ते म्हणत नाहीत. माणसं तीच आहेत. त्यांच्यामधला व्यवहार बदलला. पूर्वी शेजारी नुसता शेजारी होता, आता तो तुमचा भागीदार आहे, आणि ही भागीदारी तुम्ही निवडलेली नाही.

आता मास्तरजींकडे येतो. ते नाही का म्हणतात? सुरुवातीला ते आपल्या मित्रांसाठी, पिंटो दांपत्यासाठी, नाही म्हणतात. मिसेस पिंटोंना जवळजवळ दिसत नाही. पण या इमारतीतली प्रत्येक पायरी, प्रत्येक वळण त्यांच्या हातापायांना पाठ आहे. नव्या घरात त्या आंधळ्या होतील. इथे त्या आंधळ्या नाहीत. घर सोडणं म्हणजे काय, याचं इतकं नेमकं चित्र फार कमी वाचायला मिळतं. कार्पेट एरियात न मोजता येणारं नुकसान दाखवायला त्यांना एकही भावुक वाक्य लागलेलं नाही.

पुढे काय होतं? धमक्यांना घाबरून पिंटो सही करतात. म्हणजे ज्यांच्यासाठी नाही म्हटलं तेच निघाले. मास्तरजींचं नाही मात्र तसंच राहतं. आता ते स्वतःसाठी आहे, गेलेल्या बायको-मुलीच्या आठवणींसाठी आहे. आणि हळूहळू ते कशासाठीच नाही, ते नुसतं नाही आहे. त्यांच्या विज्ञानाच्या फुकट शिकवणीला येणारी मुलंही यायची बंद होतात. मुलगाही त्यांच्या बाजूनं उभा राहत नाही. जसजसे सगळे दुरावतात तसतसे ते ताठ होत जातात.

अनेक वाचक इथे मास्तरजींना संत करून टाकतात. मला ते पटत नाही. मजकूर नीट वाचला तर त्या नकारात स्वाभिमान आहे तसा अहंकारही आहे, आणि लेखकाला तो दिसलेला आहे. ज्या मास्तरांनी जन्मभर मुलांना कारण विचारायला शिकवलं, ते मिसेस पुरींना त्यांना समजेल असं एकही कारण देत नाहीत. तुझ्या रामूचं काय, हा विषय घेऊन समोरासमोर बसत नाहीत. मालकीचा हक्क त्यांचा आहे, प्रश्नच नाही. पण हक्क असणं आणि शेजाऱ्याला उत्तर देणं या दोन गोष्टी वेगळ्या, आणि कादंबरी आपल्याला बरोबर त्या दोन्हींच्या मधल्या जागेवर आणून सोडते.

आणि इथेच माझी तक्रार. इतक्या अवघड जागेवर आणून ठेवल्यावर अडिगा खून घडवतात. खून झाला की वाचक सुटतो. आतापर्यंत आपण मिसेस पुरींच्या बाजूनंही विचार करत होतो. आता त्या खुनी आहेत, त्यामुळे आपण मास्तरजींच्या बाजूला जाऊन निवांत बसतो. दलाल अजवानी ऐन वेळी मागे सरतो, हा बारकावा उत्तम आहे, कारण ज्याचा धंदाच हा, त्यालाच कुठे थांबायचं ते कळतं. पण एकूण प्रश्न 'विकावं का' हा होता, तो 'मारावं का' इतका सोपा झाला.

खऱ्या आयुष्यात काय झालं? शेवटच्या माणसाला मारावं लागलं नाही, त्याला मोजणीतून वगळता आलं. महाराष्ट्र शासनाच्या जानेवारी २००९ च्या पुनर्विकास निर्देशांत तीन चतुर्थांश बहुमताची अट होती. २०१९ च्या निर्देशांत ती ५१ टक्क्यांवर आली. सोसायटीनं रीतसर ठराव केला की अल्पमतातल्या सभासदाला तो बांधील असतो, असं मुंबई उच्च न्यायालयानं अनेक निकालांत म्हटलंय. यात अन्यायच आहे असं मी म्हणत नाही. पडायला आलेल्या इमारतीत एका माणसाच्या हट्टापायी इतरांनी जीव मुठीत धरून राहावं, हेही बरं नाही. पण त्यामुळे कादंबरी शिळी होते का? मला वाटतं, उलट. पूर्वी मास्तरजींशी बोलणं भाग होतं, कारण त्यांच्या सहीवाचून अडत होतं. आता अडत नाही, म्हणून बोलायचीही गरज उरत नाही. मिसेस पिंटोंच्या पायऱ्यांबद्दल सर्वसाधारण सभेत कोण बोलणार? इतिवृत्तात त्यासाठी रकाना नाही.

आणखी एक गोष्ट कादंबरी अर्धवट सोडते. पैसे मिळाल्यावर जायचं कुठे? भाव चढलेल्या बाजाराची गंमत अशी, की तुमचं घर महागलं त्याच कारणानं शेजारचंही महागलेलं असतं. वाकोल्यात विकून वाकोल्यातच तेवढंच नवं घर घ्यायचं म्हटलं तर हातचा मोठा आकडा बघता बघता आटतो. वर मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, आणि नव्या टॉवरचा दरमहा मेंटेनन्स. खरा फायदा कोणाला? जो लहान घरात जाईल त्याला, जो लांब जाईल त्याला, किंवा जो गावी परतेल त्याला. म्हणजे 'विकून श्रीमंत झालो' या वाक्याचा उत्तरार्ध बहुधा 'आणि निघून गेलो' असा असतो. शाहनं देऊ केलेला आकडा इतका मोठा ठेवून लेखकानं हा हिशेब स्वतःसाठी सोपा करून घेतलाय. आकडा जरा कमी असता, फायदा काठावरचा असता, तर विश्राम सोसायटीतली भांडणं आपल्या सोसायटीतल्या भांडणांच्या जास्त जवळ आली असती.

तरीही ही कादंबरी वाचा, आणि जमलं तर सह्यांच्या क्रमानं वाचा. कोणी आधी केली, कोणी नंतर, कोणाला काय सांगून करून घेतली, कोणी घाबरून केली. मतदानाचा आकडा तेवढा सगळ्यांना दिसतो, हा क्रम कुठेच लिहिला जात नाही. तुमच्या सोसायटीत ठराव येईल तेव्हा जे 'नाही' म्हणतील त्यांना एकदा घरी बसवून विचारा, तुमचं नेमकं काय जातंय? आणि जे 'हो' म्हणतील त्यांनाही विचारा, पुढचं घर कुठे पाहिलंय? एवढं विचारायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही.

माझं बोलणं इथे थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेपासून सुरू करू.